मुक्कामची शिकवणी

वैजनाथराव ठोंबरे मध्यवर्ती बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. बावीस वर्षं त्यांनी काचेआडच्या खोलीत माईकसमोर बसून गाड्या पुकारल्या. "पैठणला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागत आहे," हे साधं वाक्य ते असं म्हणायचे, की बाकावर पेंगलेली माणसं बोचकी उचलून उभी राहायची. चेहऱ्यानं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. पण रिक्षात बसून पत्ता सांगितला, की रिक्षावाला आरशातून मागं बघायचा. "साहेब, तुमचा आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटतोय."

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी घशात कर्करोगाची गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागलं, तेव्हा जीव वाचला. आता गळ्याच्या पुढं, सदऱ्याच्या वरच्या गुंडीपाशी, रुपयाएवढं छिद्र होतं. श्वास तिथूनच आत जायचा आणि तिथूनच बाहेर. नाकातोंडातून हवा जात नसल्यामुळं बोलणं गेलं, शीळ गेली, चहावर फुंकर मारणं गेलं. वाससुद्धा कळेनासा झाला. ऑपरेशन आणि त्यानंतरची किरणं यांत साडेतीन महिने गेले, आणि तेवढे दिवस त्यांचं कुत्रं लासूर स्टेशनला, थोरल्या बहिणीकडं, कडूबाईंकडं राहिलं.

कुत्र्याचं नाव मुक्काम. पाच वर्षांपूर्वी फर्दापूरला रात्रीचा मुक्काम करून सकाळी परत आलेल्या गाडीच्या शेवटच्या बाकाखाली ते सापडलं होतं. तांबूस पिल्लू, एक कान उभा, एक पडलेला. कंडक्टर म्हणाला होता, "साहेब, बिगरतिकीट प्रवासी हाय." वैजनाथरावांची बायको त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. मुलगी सोनिया लग्न होऊन नागपूरला. सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ते कुत्र्याशी बोलू लागले. भाजी काय करू, आज ऊन किती आहे, पेपरात काय आलंय, सगळं त्याला सांगायचे. बाहेर जाताना हाक मारायचे, "मुक्काऽऽम, चल, गाडी सुटली!" की ते असेल तिथून धावत यायचं.

दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात वैजनाथराव त्याला आणायला लासूरला गेले. कडूबाईंच्या अंगणाचं फाटक वाजलं तसं कुत्रं गोठ्यामागून धावत आलं. दहा हातांवर येऊन थांबलं. नाक वर करून हुंगलं. औषधांचा वास, गळ्यावरचं पांढरं फडकं, आणि त्या फडक्याआडून येणारी श्वासाची सूं-सूं. ते मागं सरकलं आणि गुरगुरलं.

"आरं मुडद्या, धनी हाय तुहा!" कडूबाई ओरडल्या. मग भावाकडं वळून म्हणाल्या, "वैजू, तू एक हाक मार ना रं, वळखंल लगीच."

बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि घरात निघून गेल्या. चहा घेऊन आल्या तेव्हा डोळे लाल होते.  

भाच्यानं जीपमधून दोघांना घरी आणून सोडलं. मुक्काम सगळ्या खोल्या फिरलं, स्वयंपाकघर बघितलं, मोरी बघितली, आणि दिवाणाखाली जाऊन बसलं. खायला ठेवलं की वैजनाथराव खोलीबाहेर जाईपर्यंत तोंड लावायचं नाही. दवाखान्यातून हनुवटीखाली टेकवायचं एक बॅटरीचं यंत्र मिळालं होतं. त्यातून घोगरा, भुंग्यासारखा आवाज निघायचा. त्यांनी ते लावून "मुक्काम" म्हणून बघितलं. कुत्रं भिंतीला चिकटून थरथरायला लागलं. ते यंत्र त्यांनी कपाटात ठेवून दिलं. जिभेनं टाळूवर चुक्-चुक् करून बघितलं, तर किरणांनी तोंड इतकं कोरडं पडलेलं, की जीभ टाळूलाच चिकटायची.

मग एका दुपारी त्यांना मोबाईलमधला व्हिडिओ आठवला. सोनिया मागं आली होती तेव्हा तिनं काढलेला. त्यात ते स्वतः दिसत नव्हते, फक्त ओसरीत झोपलेलं कुत्रं आणि मागून त्यांचा आवाज. त्यांनी आवाज पूर्ण वाढवला आणि लावला. "मुक्काऽऽम, चल, गाडी सुटली!"

दिवाणाखालून कुत्रं बाणासारखं निघालं. वैजनाथरावांच्या गुडघ्याला घासून, त्यांच्याकडं न बघता, पुढच्या खोलीत गेलं. तिथून ओसरीत. तिथून फाटकाशी. शेपटी इतकी जोरात हलत होती, की मागचं अर्धं अंग वळत होतं. फाटकाच्या गजांतून नाक बाहेर काढून ते रस्त्याच्या वरच्या टोकाकडं बघत राहिलं. मध्येच एकदा मागं वळलं, दारात उभ्या असलेल्या माणसाकडं बघितलं, आणि परत रस्त्याकडं तोंड केलं.

ते संध्याकाळपर्यंत तिथंच उभं होतं. वैजनाथराव त्याच्यामागं ओसरीच्या पायरीवर बसून होते. आपल्याच आवाजाचा एवढा राग माणसाला येऊ शकतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. नंतर तो व्हिडिओ त्यांनी पुसला नाही, पण त्याच्यासमोर परत कधी लावलाही नाही.

डिसेंबरात रेबीजच्या लसीची तारीख आली. गारखेड्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात मोनिका नावाची मदतनीस होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बोलायला फटकळ, हात मात्र मऊ. डॉक्टर आतल्या खोलीत एका जर्मन शेफर्डला टाके घालत होते, म्हणून वाट बघायची होती. वैजनाथराव बाकाच्या एका टोकाला आणि मुक्काम पट्टा ताणून दुसऱ्या टोकाला, हे तिनं बघितलं.

"काका, हे तुमचंच आहे ना?"

त्यांनी खिशातली वही काढून लिहिलं. दोन पानं लिहिलं. त्यांना अक्षर चांगलं काढायची सवय होती, म्हणून वेळ लागला. मोनिका तोवर उभी राहिली. वाचलं, आणि टेबलाचा खण उघडून तिनं काडेपेटीएवढी एक निळी प्लास्टिकची डबी काढली. वरचं बटण दाबलं. टिक्.

"याला क्लिकर म्हणतात. मी पुण्याला कोर्स केला त्यात शिकले. काका, याला आवाज लागत नाही. तुमचा नाही, कुणाचाच नाही. हे रागावत नाही, दमत नाही, दर वेळी सारखंच वाजतं. कुत्र्याला तेच बरं पडतं."

वैजनाथरावांनी लिहिलं, "किती दिवसांत येईल?"

"आधी सुरुवात तर करा. आणि ऐका, पहिल्या दिवशी काहीच शिकवायचं नाही. टिक् करायचं आणि लगेच खाऊ द्यायचा. टिक्, खाऊ. दहा-बारा वेळा झालं की बंद. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. टिक् झाली म्हणजे काहीतरी चांगलं येणार, एवढंच त्याच्या डोक्यात बसू द्या. आणि त्याच्या तोंडासमोर धरू नका, हात मागं ठेवून दाबा. घाबरलं तर मोज्यात गुंडाळा."

वैजनाथरावांनी कलेजी आणली, उकडली आणि हरभऱ्याएवढे तुकडे केले. वास येत नव्हता, त्यामुळं शिजली की नाही ते बोटानं दाबून बघावं लागलं. पहिल्या टिक्-लाच मुक्काम दिवाणाखाली गेलं. मग त्यांनी डबी खरंच लोकरीच्या मोज्यात घातली, जमिनीवर बसले, दाबली आणि तुकडा फरशीवरून घरंगळत दिवाणाखाली सोडला. आत हालचाल झाली. परत दाबली. परत तुकडा. पाच मिनिटं झाली तशी त्यांनी वाटी उचलली आणि उठले. तिसऱ्या दिवशी टिक् वाजल्याबरोबर दिवाणाखालून आधी नाक आलं, मग तो उभा कान. चौथ्या दिवशी कुत्रं बाहेर येऊन, दोन हात अंतर ठेवून, वाटीकडं बघत उभं राहिलं.

इथं त्यांच्याकडून चूक झाली. टिक् वाजली की येतंय म्हटल्यावर त्यांना वाटलं, झालं, आपल्याला हाक सापडली. ते स्वयंपाकघरातून टिक् करायचे, मोरीतून करायचे, गच्चीवरून करायचे. कधी हातात खाऊ असायचा, कधी नसायचा. आठवडाभर कुत्रं धावत आलं, रिकामा हात हुंगून परत गेलं. नंतर त्यानं कान टवकारणंही सोडलं. एका सकाळी वैजनाथराव ओसरीत उभं राहून पंधरा-वीस वेळा डबी दाबत राहिले. समोरच्या घरातली बाई खिडकीतून बघत होती. कुत्र्यानं जांभई दिली.

"ही घंटी नाहीये काका!" दवाखान्यात मोनिकानं वही वाचून कपाळाला हात लावला. "बोलवायला वाजवायची नसते. त्यानं बरोबर केलं की त्याच क्षणाला वाजवायची. बसायला सांगायचं नाही. त्याला बसायचं असेल तेव्हा ते बसेल. बूड टेकलं की टिक्. आधी नाही, नंतर नाही. आणि एक टिक् म्हणजे एक खाऊ, चुकून वाजली तरी द्यायचा. नाहीतर त्यानं तुमच्यावर विश्वास का ठेवावा?"

वैजनाथरावांनी वही परत ओढली. मग लिहिलं, "कंडक्टरच्या चिमट्यासारखं. जिथं चढला त्याच ठिकाणी टोचायचं."

"कसला चिमटा?"

पूर्वी तिकिटाला चिमट्यानं भोक पाडायचे, टक्-टक् आवाज यायचा, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं तिकीट मशीनमधूनच निघताना बघितलं होतं. वैजनाथरावांनी समजावून लिहायला घेतलं, पण बाहेर दोन माणसं मांजरं घेऊन थांबली होती, म्हणून अर्ध्यावर पान मिटलं.

परत पहिल्यापासून सुरुवात झाली. वाट बघायची. हे काम वैजनाथरावांना जमायचं, कारण दुसरं काही नव्हतंच. ते खुर्चीत बसायचे, डबी मुठीत, वाटी मांडीवर, आणि कुत्र्याकडं बघत राहायचे. बूड टेकलं, टिक्. दोन दिवसांत मुक्काम त्यांच्यासमोर येऊन मुद्दाम बसायला लागलं, आणि बसून त्यांच्या हाताकडं बघायला लागलं. मग मोनिकानं सांगितलं तसा त्यांनी तळवा पुढं केला. आधी नुसतं बघितलं तरी टिक्. मग एक पाऊल आलं तर टिक्. असं इंचा-इंचानं नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी ओलं, गार नाक त्यांच्या तळव्याला लागलं.

टिक् करायचं ते विसरले. लासूरहून आल्यापासून कुत्र्यानं त्यांना आपण होऊन शिवलं नव्हतं. खरं म्हणजे दवाखान्यातून सुटल्यापासून त्यांना कुणीच शिवलं नव्हतं. हात पुढं धरून ते तसेच बसून राहिले. मुक्कामनं वाट बघितली, परत नाक लावलं, या वेळी जरा जोरात, जसं काही म्हणावं, अहो, झालं की.

सोनियाचा फोन रविवारी यायचा. ती बोलायची, आणि वैजनाथराव बोटानं मोबाईलवर टकटक करायचे. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. जेवलात का बाबा? टक्. औषधं संपली का? टक् टक्. सुरुवातीला ती अर्धा तास बोलायची. पण नुसत्या हो-नाहीच्या उत्तरांवर माणूस किती प्रश्न काढणार? आता फोन पाच-सात मिनिटांत संपायचा. त्या रविवारी त्यांना तिला तळव्याची गोष्ट सांगायची होती, पण तिनं तसा प्रश्नच विचारला नाही. नंतर मोबाईलवर लिहायला घेतलं, "आज मुक्कामने", आणि पुढं काय लिहावं ते सुचेना. कुत्र्यानं हाताला नाक लावलं, यात कळवण्यासारखं काय आहे, असं वाटून त्यांनी ते खोडलं.

जानेवारीच्या शेवटी ते त्याला सकाळी गोगाबाबा टेकडीवर न्यायला लागले. डबी खिशात, कलेजी प्लास्टिकच्या डब्यात. घरात शिकलेलं बाहेर लगेच येत नाही, सगळं परत शिकवावं लागतं, असं मोनिकानं बजावलं होतं, म्हणून पट्टा सोडायचा नव्हता. पण चढावर एका वळणाला झुडपातून मोर उडाला, मुक्कामनं हिसका दिला, आणि जुन्या गळपट्ट्याची कडी उघडली. वैजनाथरावांच्या हातात नुसती दोरी राहिली.

कुत्रं उतारावर घाणेरीच्या झुडपांत घुसलं. ते मागं धावले. पन्नास पावलांतच गळ्यातल्या छिद्रातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, धूळ आत गेली, खोकला उसळला. एका दगडाला धरून ते उभे राहिले. खाली लांबवर तांबडा ठिपका पळताना दिसत होता. त्याच्या पलीकडं डांबरी रस्ता होता.

माणसाला हाक मारायची असते तेव्हा आधी छाती भरून येते. त्यांची छाती भरली, तोंड उघडलं, ओठांनी "मुक्काम" असा आकारही घेतला. आणि सगळी हवा खालून, फडक्यातून, फुस्कन निघून गेली.

ट्रॅकसूट घातलेला एक माणूस वरून उतरत होता. "क्या हुआ चाचा? तबियत ठीक है?"

वैजनाथरावांनी खाली बोट दाखवलं, हातातली दोरी दाखवली.

"अच्छा, कुत्ता छूट गया? नाम क्या उसका?"

मोबाईल घरी राहिला होता, वहीही. त्यांनी बोटानं मातीत लिहिलं. माणूस वाकून अडखळत वाचायला लागला. "मुक्... मुक्काम? मुक्काम!" आणि त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरून दणदणीत आवाज दिला, "ए मुक्काम! आजा! मुक्काम!"

चांगला आवाज होता. सगळ्या टेकडीवर घुमला. झुडपांतलं कुत्रं दचकलं, आणि अनोळखी आवाजापासून लांब, सरळ रस्त्याच्या दिशेनं निघालं.

वैजनाथरावांनी त्या माणसाचा दंड धरला. हात जोडले. तोंडावर बोट ठेवलं. माणसाला काही कळलं नाही. "मैं तो मदद कर रहा था चाचा," म्हणाला, थोडा वेळ थांबला, घड्याळ बघितलं आणि उतरून गेला.

आता टेकडीच्या त्या अंगाला कुणी नव्हतं. वैजनाथराव खाली बसले. मांडी घातली. धावण्यात अर्थ नव्हता, हाक मारणं हातात नव्हतं. हात खिशात गेला आणि डबीला लागला. दाबावीशी वाटली. एकदा नाही, शंभरदा दाबावीशी वाटली. पण ही घंटी नाही. त्यांनी अंगठा बटणावर नुसता ठेवला आणि नजर त्या तांबड्या ठिपक्यावर धरली.

रस्ता वीसेक हात राहिला तेव्हा मुक्काम थांबलं. मागून आवाज येत नाही, पावलं येत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं जमीन हुंगली. मग मान वळवली आणि वर, टेकडीकडं बघितलं.

टिक्.

एवढ्या लांब ऐकू जाईल का, याची त्यांना खात्री नव्हती. सकाळची थंड हवा होती, वारा पडलेला. उभा कान हलला. कुत्रं पूर्ण वळलं. वैजनाथरावांनी तळवा पुढं केला आणि दुसऱ्या हातानं डब्याचं झाकण काढून ठेवलं. ते दहा-बारा पावलं वर आलं, मग एका झुडपाशी अडकलं, तिथं काहीतरी हुंगत बसलं. दोन मिनिटं गेली. खालून एक टेम्पो गेला, त्याच्या हॉर्ननं कुत्रं परत रस्त्याकडं वळलं.  वैजनाथरावांनी अंगठा बटणावरच रोखून धरला. मुक्कामनं परत वर बघितलं.

टिक्.

या वेळी ते पळत आलं. थेट नाही, वळसे घेत, जीभ बाहेर, कानात घाणेरीची फुलं अडकलेली. शेवटचे चार हात चालत आलं आणि तळव्याला नाक लावलं. त्यांनी टिक् केलं आणि तुकडा दिला. मग आणखी एक, आणि मग डब्यातलं सगळं पुढ्यात ओतलं. मोनिकानं बघितलं असतं तर ओरडली असती. दोरीचा फास करून त्यांनी गळ्यात घातला आणि हात त्याच्या पाठीवर ठेवला. खाऊन झाल्यावर मुक्कामनं मान वर केली, त्यांच्या गळ्यावरचं फडकं हुंगलं, जिथून वारा येत होता तिथं बराच वेळ हुंगलं, आणि मग त्यांच्या मांडीला टेकून बसलं. वैजनाथराव रडले. त्याचाही आवाज होत नव्हता.

ऊन वर आलं तसे दोघं उतरले. वाटेत फिरायला आलेली माणसं भेटली, त्यांना सांगावंसं वाटलं, पण कसं सांगणार आणि काय? घरी आल्यावर त्यांनी मोनिकाला मोबाईलवर सगळं लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, "भारी काका! आता नवीन मजबूत गळपट्टा घ्या आधी." सोनियालाही लिहिलं, या वेळी न खोडता, आठ ओळी. दुपारी तिचा निरोप आला, "अरे वा बाबा. मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी फोन करते." संध्याकाळी त्यांनी मोबाईल टेबलावर उताणा ठेवला. साडेआठ वाजले, फोन आला नाही. कामाची माणसं असतात, राहून जातं, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि त्यात त्यांना खोटंही काही वाटलं नाही.

मग ते उठले. माळ्यावरचं एक गोणपाट काढून झटकलं, चौपदरी करून खोलीच्या कोपऱ्यात अंथरलं. नवा धडा होता, सांगितल्याशिवाय गोणपाटावर जाऊन बसायचं. वैजनाथराव खुर्चीत बसले. मुक्काम त्यांच्याकडं बघत राहिलं, मग दाराकडं गेलं, परत आलं, वाटीभोवती फिरलं, फरशीवर बसून बघितलं, तळव्याला नाक लावून बघितलं. त्यातलं काहीच चालेना, तसं ते गोंधळून कोपऱ्याकडं वळलं. एक पाय गोणपाटाच्या कडेला पडला.

टिक्.